लेथवरचा हात कोणाचा? मॉडस्लेच्या स्क्रूपासून टेबलावरच्या संगणकापर्यंत

१/
लेथ नावाच्या एका साध्या यंत्राभोवती गेली दोनशे वर्षे एक प्रश्न घोटाळत आहे. धातू कापणारा हात नेमका कोणाचा? कारागिराचा, यंत्राचा, की दूर कार्यालयात बसून आज्ञा लिहिणाऱ्याचा? आज एखादा हौशी माणूस घरातल्या छोट्या लेथला संगणक जोडतो, तेव्हा कदाचित स्वतःच्याही नकळत तो या प्रश्नाचे एक उत्तर देत असतो. त्या उत्तरापर्यंतचा हा प्रवास. #इतिहास #थ्रेड

२/
लेथचे तत्त्व सोपे आहे. जी वस्तू घडवायची, तिला कारखान्यात ‘जॉब’ म्हणतात. जॉब स्वतःभोवती फिरतो आणि धारदार टूल त्याला एका बाजूने भिडते. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी घडवणारा कातारी हेच करतो. त्याचे हत्यार त्याच्या हातात असते. किती दाबायचे, कोठे थांबायचे, हे त्याचे मनगट ठरवते. लाकडाला हे चालून जाते. लोखंड मात्र हत्याराला मागे ढकलते, हात थरथरतो आणि मापात फरक पडतो.

३/
अठराव्या शतकातील युरोपात धातूचे कातकामही बहुतांशी असेच चाले. टूल एका आधारावर टेकवून हाताने धरलेले असे. सर्वांत मोठी पंचाईत आटे पाडताना होई. आटे म्हणजे स्क्रूवरची नागमोडी खाच. ती एकसारखी यायची तर जॉबच्या प्रत्येक फेऱ्याला टूल नेमके तेवढेच पुढे सरकले पाहिजे. हाताने हे साधणे फार कठीण. त्यामुळे कारखान्यात प्रत्येक बोल्टचा नट त्याच्यापुरताच असे. दुसऱ्या बोल्टवर तो बसेलच याची खात्री नसे.

४/
या अडचणीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो हेन्री मॉडस्ले १७७१ साली इंग्लंडमधील वुलिच येथे जन्मला. पोरवयातच तो तेथील शस्त्रागारात कामाला लागला. पुढे कुलुपांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोसेफ ब्रामाने त्याचे कसब हेरून त्याला लंडनला आपल्या कारखान्यात घेतले. तेथे तो प्रमुख कारागीर झाला. आठवड्याला तीस शिलिंग मिळत. १७९७ साली त्याने पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली आणि मॉडस्लेने स्वतःचा कारखाना थाटला.

५/
१८०० च्या सुमारास त्याने घडवलेला आटे पाडण्याचा लेथ आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, टूल घट्ट पकडून मापात सरकवणारी स्लाइड. दुसरी, ती स्लाइड बेडवरून पुढे नेणारा लांब आणि अचूक लीड स्क्रू. तिसरी, जॉब फिरवणारा स्पिंडल आणि तो लीड स्क्रू यांना जोडणारे, बदलता येणारे गिअर. टूल हातातून सुटून यंत्राच्या पकडीत गेले.

६/
या गिअरांमध्येच खरी किमया होती. समजा, लीड स्क्रूच्या एका फेऱ्यात टूल ४ मिमी पुढे जाते. गिअर असे बसवले की जॉबच्या एका फेऱ्यामागे लीड स्क्रू अर्धाच फेरा फिरेल, तर २ मिमी अंतराचे आटे पडतात. गिअरची जोडी बदलली की आटे बदलले. कारागिराने सांभाळायचे प्रमाण आता दातांच्या संख्येत लिहिलेले होते. यंत्राला आकड्यांत दिलेली आज्ञा म्हणून याकडे पाहता येते.

७/
ही कल्पना एकट्या मॉडस्लेची नव्हती. लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनांत आटे पाडणाऱ्या यंत्राची आकृती सापडते. फ्रान्समध्ये सेनो याने १७९५ साली असा लेथ बनवला होता आणि अमेरिकेत डेव्हिड विल्किन्सनला १७९८ साली पेटंट मिळाले. मॉडस्लेचे वेगळेपण असे की त्याने यंत्र लोखंडी, भक्कम आणि अतिशय काटेकोर केले व ते रोजच्या कामाला जुंपले. त्याच्याच कारखान्यात शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली साऱ्या ब्रिटनसाठी एकसमान आट्यांची पद्धत मांडली.

८/
याच सुमारास हाताच्या प्रश्नाला दुसरी बाजू फुटली. ब्रिटिश आरमाराला जहाजांच्या दोरखंडांसाठी लाखाच्या घरात लाकडी कप्प्या दरवर्षी लागत. मार्क ब्रूनेलने आखलेली आणि मॉडस्लेने घडवलेली यंत्रे पोर्ट्समथच्या गोदीत बसली. १८०८ पर्यंत तेथे वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होऊ लागल्या. पूर्वी ११० कुशल कारागीर जे काम करीत, ते आता १० अकुशल माणसे करू लागली, असा हिशेब तेव्हापासून सांगितला जातो.

९/
लेथवर मात्र कारागीर टिकला आणि ‘टर्नर’ हा नवा प्रतिष्ठित पेशा जन्माला आला. आपल्याकडच्या आयटीआयमध्ये आजही या नावाचा अभ्यासक्रम शिकवला जातो. टर्नरला टूलचा आवाज कळतो. किती कट घेतला की जॉब थरथरेल, हे त्याला ठाऊक असते. जुन्या स्क्रू-नटमध्ये थोडी ढिलाई असते, तिला बॅकलॅश म्हणतात. म्हणून तो हँडल आधी मागे घेऊन मग नेहमी एकाच दिशेने मापावर येतो. यातले फार थोडे ड्रॉइंगवर लिहिलेले असते.

१०/
हजारो एकसारखे स्क्रू काढायचे असतील तर टर्नरलाही बाजूला सारता येते, हे अमेरिकेतील क्रिस्टोफर स्पेन्सरने १८७३ च्या आपल्या स्वयंचलित लेथने दाखवले. फिरत्या ड्रमवर बसवलेल्या पट्ट्या, म्हणजे कॅम, टूलला ठरल्या वेळी पुढे-मागे ढकलत. पण जॉब बदलला की कॅम नव्याने बनवावे लागत. जॅकार्डच्या मागाने १८०४ मध्येच वेगळी वाट दाखवली होती. तेथे छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे बदलली की कापडावरची नक्षी बदलत असे. धातूला अशी कार्डे लावायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

११/
ती निकड हवाई उद्योगातून आली. मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्याच्या वळणाचा साचा करायचा, तर आराखड्यात फक्त १७ बिंदू दिलेले असत. मधली रेषा कारागिराने डोळ्यांनी आणि वक्रपट्टीने भरून काढायची. पार्सन्सचा सहकारी अभियंता फ्रँक स्ट्यूलेन याने आयबीएमच्या छिद्रित कार्डांच्या गणनयंत्रावर त्याच वळणाचे २०० बिंदू काढून दिले.

१२/
आता हे बिंदू धातूवर उतरवायचे होते. त्यांनी योजलेली रीत आज गमतीची वाटते. मिलिंग मशीनपाशी तीन माणसे उभी राहत. एक जण आकडे मोठ्याने वाची, दुसरा एक हँडल तेवढे फिरवी, तिसरा दुसरे हँडल फिरवी. बिंदूमागून बिंदू असा साचा कापला जाई. पार्सन्सला उमगले की आकडे अचूक असतील, तर हँडल फिरवायला माणूसच हवा असे नाही. कार्डावरचे आकडे थेट मोटरला देता येतील.

१३/
१९४९ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने या कल्पनेसाठी पार्सन्सच्या कंपनीशी करार केला. मोटरांच्या नियंत्रणाचे ज्ञान कमी पडते, हे ओळखून पार्सन्सने एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेची मदत घेतली. प्रयोगशाळेने कामाचा आवाका वाढवला, हवाई दलाशी थेट संधान बांधले आणि मूळ कल्पना ज्याची होती, तो पार्सन्स हळूहळू प्रकल्पाबाहेर पडला. १९५८ मध्ये त्याला आणि स्ट्यूलेनला पेटंट मिळाले. राष्ट्रीय सन्मानासाठी दोघांना १९८५ पर्यंत थांबावे लागले.

१४/
सप्टेंबर १९५२ मध्ये एमआयटीने हे यंत्र जगाला दाखवले. सिनसिनाटी कंपनीचे मिलिंग मशीन, शेजारी शेकडो व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली कपाटे आणि आज्ञा देणारी सात ओळींची छिद्रित कागदी पट्टी. यालाच संख्यात्मक नियंत्रण म्हणू लागले. यंत्र अवाढव्य आणि महाग होते, त्यामुळे कारखानदार स्वखर्चाने घेईनात. तेव्हा हवाई दलाने सरकारी पैशातून शंभराहून अधिक यंत्रे घेऊन विमान बनवणाऱ्या कारखान्यांत बसवली. तंत्र रुजले ते सार्वजनिक पैशावर.

१५/
लेथला हे तंत्र लावणे तुलनेने सोपे होते. लेथला मुख्यतः दोनच दिशा लागतात. जॉबच्या लांबीची दिशा म्हणजे झेड आणि व्यासाची दिशा म्हणजे एक्स. अवघड बदल यंत्राभोवतीच्या माणसांत झाला. आज्ञापट्टी कार्यालयात प्रोग्रामर तयार करू लागला. लेथपाशी उभ्या माणसाने जॉब चकमध्ये बांधायचा, बटण दाबायचे आणि लक्ष ठेवायचे. टर्नरच्या कामाचे दोन तुकडे झाले. विचाराचा तुकडा वरच्या मजल्यावर गेला.

१६/
हे अटळ होते का? त्याच काळात दुसरी एक वाट उपलब्ध होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रणासारखी एक पद्धत तयार झाली. निष्णात कारागिराने पहिला जॉब हाताने करायचा. त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जायच्या. पुढचे जॉब यंत्राने ती फीत वाजवून करायचे. येथे गणितज्ञाची गरज नव्हती. आज्ञा लिहिणारा खुद्द टर्नरच होता आणि त्याचे कसब हाच कच्चा माल होता.

१७/
याच कंपनीच्या जनसंपर्क विभागात तेव्हा कर्ट व्हॉनेगट नावाचा तरुण नोकरी करीत होता. आपोआप चालणारे मिलिंग मशीन पाहून त्याला पहिल्या कादंबरीचे बीज सापडले. १९५२ मध्ये ‘प्लेअर पियानो’ प्रसिद्ध झाली. तीत रूडी हर्ट्झ नावाच्या निष्णात लेथ कारागिराच्या हालचाली फितीवर नोंदवून घेतल्या जातात आणि पुढे त्याची गरजच उरत नाही. एमआयटीचे प्रात्यक्षिक आणि ही कादंबरी एकाच वर्षातली. कारागिराच्या हातातून आलेली फीतसुद्धा त्याच्यावरच उलटू शकते, ही भीती तेव्हाच शब्दांत उतरली होती.

१८/
प्रत्यक्षात ध्वनिमुद्रणाची वाट मागे पडली. का? इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात मांडले की व्यवस्थापनाला उत्पादनाची लगाम कारागिराच्या हातातून काढून घ्यायची होती, म्हणून कारागिरावर अवलंबून असलेली पद्धत नकोशी झाली. दुसरी बाजूही वजनदार आहे. विमानांच्या पंखांचे गुंतागुंतीचे वक्र आकार हाताने एकदाही नीट कापता येत नसतील, तर नोंदवणार काय? हवाई दलाला हवे होते ते गणितातूनच येणार होते. बहुतेक साध्या जॉबांना मात्र तो युक्तिवाद लागू नव्हता.

१९/
लेथवरच्या आज्ञेचा वाद पुढे कारखान्यात पेटला. मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे जनरल इलेक्ट्रिक विमानांची इंजिने बनवी. तेथे नव्या लेथवर कामगार म्हणजे नुसता बटण दाबणारा, असे गृहीत धरले गेले, पण उत्पादन अपेक्षेइतके होईना. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने कामगारांवर अधिक जबाबदारी सोपवणारा एक प्रयोग याच लेथांवर सुरू केला. काही वर्षांनी व्यवस्थापनाने तो बंद केला. अधिकार कोणाकडे राहणार, या प्रश्नावर तो अडला, असे नोबल सांगतात.

२०/
दरम्यान यंत्राची भाषा ठरत गेली. जी०० म्हणजे कापल्याविना वेगाने सरक, जी०१ म्हणजे ठरल्या गतीने सरळ रेषेत कापत जा. अशा अक्षर-आकड्यांच्या आज्ञांना आज सगळे जी-कोड म्हणतात. १९७१ मध्ये मायक्रोप्रोसेसर बाजारात आला आणि ट्यूबांच्या कपाटांची जागा एका पेटीने घेतली. यंत्राला स्वतःचा संगणक मिळाला व नाव पडले सीएनसी. भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांपर्यंत तो शब्द आज रुळला आहे. पण प्रत्येक कंपनीचे नियंत्रक बंद पेटीसारखे होते. आत काय चालते, ते कंपनीलाच ठाऊक.

२१/
कारखान्याबाहेर लेथचे आणखी एक जग होते. इंग्लंडमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ पासून निघत होते. दिवसा कचेरीत आणि रात्री घरामागच्या खोलीत छोटी वाफेची इंजिने घडवणारी माणसे त्याची वाचक होती. त्यांच्यासाठी छोटे लेथ बनत. त्यांच्यात प्रोग्रामर आणि ऑपरेटर असे दोन तुकडे कधी पडलेच नाहीत, कारण माणूस एकच होता. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या एम्को कंपनीने ‘कॉम्पॅक्ट ५ सीएनसी’ हा टेबलावर मावणारा लेथ शाळा-महाविद्यालयांसाठी आणला आणि आकार लहान असला तरी हे साधते, हे सिद्ध झाले. किंमत मात्र हौसेला परवडणारी नव्हती.

२२/
दार उघडले ते अनपेक्षित ठिकाणी. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निस्टने, बंद पेट्यांना पर्याय म्हणून एक खुला नियंत्रक लिहायला घेतला. नाव होते ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’, थोडक्यात ईएमसी. १९९५ मध्ये मिशिगनमधील पाँटिअ‍ॅक येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यातील एका मोठ्या यंत्रावर त्याची चाचणी झाली. पार्सन्सची पाती ज्या राज्यात कापली गेली, त्याच राज्यात हे घडले.

२३/
अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टींवर तेथे स्वामित्वहक्क लागत नाही. त्यामुळे ईएमसीची आज्ञावली सर्वांसाठी मोकळी झाली. हौशी मंडळींनी ती उचलली, लिनक्सवर वाढवली, सुधारली. २०११ मध्ये ईएमसी याच नावाच्या एका मोठ्या कंपनीने हरकत घेतल्यावर तिचे नाव ‘लिनक्ससीएनसी’ झाले. १९५२ मध्ये सरकारी पैशाने आज्ञा कारागिरापासून दूर नेली होती. चाळीस वर्षांनी सरकारी पैशानेच ती कोणालाही उचलता येईल अशी ठेवली.

२४/
हौशी लेथचे रूपांतर होते तरी कसे? साधारण १८० मिमी व्यासाचा जॉब फिरवू शकणारे स्वस्त चिनी मिनी लेथ यासाठी फार वापरले जातात. दोन्ही हँडले काढून त्या जागी स्टेपर मोटर बसवतात. ही मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ५ मिमी पिचच्या स्क्रूवर एका पावलाला टूल ०.०२५ मिमी सरकते. व्यासाच्या दिशेने तेवढेच सरकले तर जॉबचा व्यास दुप्पट, म्हणजे ०.०५ मिमीने कमी होतो. तिरपा कट घेण्यासाठी लागणारी वरची छोटी स्लाइडही काढून टाकतात, कारण दोन्ही मोटर एकदम चालवल्या की तिरपी रेषा आपोआप मिळते.

२५/
येथे टर्नरचे जुने ज्ञान परत भेटते. बॅकलॅश कसा चुकवायचा, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. मोटर मात्र सांगितलेली पावले मोजते आणि नट ढिला असेल तर चुकीच्या जागी निमूटपणे पोहोचते. म्हणून साधा स्क्रू काढून बॉलस्क्रू घालतात. त्यात स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरतात व ढिलाई जवळजवळ नाहीशी होते. छोट्या लेथच्या क्रॉस स्लाइडखाली बॉलनटला जागाच नसते. ती खाच रुंद करणे, हे या साऱ्या उद्योगातले चिकाटीचे काम.

२६/
संगणकाचीही एक खोड सांभाळावी लागते. मोटरला सेकंदाला हजारो वेळा ठोका द्यावा लागतो. साधा संगणक मध्येच दुसऱ्या कामात गुंतला आणि ठोका चुकला, तर मोटर पाऊल विसरते आणि जॉब बिघडतो. म्हणून लिनक्ससीएनसी वेळेला प्राधान्य देणाऱ्या खास लिनक्सवर चालते. शिवाय चक कोठे आहे, हे यंत्राला दिसत नाही. आज्ञेत एक वजाचे चिन्ह चुकले, तर टूल फिरत्या चकवर जाऊन आदळते. त्यामुळे पहिली फेरी जॉब न लावता हवेतच घेतात आणि हात आपत्कालीन बटणाजवळ ठेवतात.

२७/
शेवटी आटे. स्पिंडलवर एक एन्कोडर बसवतात. तो प्रत्येक फेऱ्याची सुरुवात आणि त्यातील सूक्ष्म भाग संगणकाला कळवतो. जी३३ ही आज्ञा मिळाली की संगणक स्पिंडलच्या फिरण्याशी टूलची चाल बांधून घेतो. स्पिंडल जोरावर येऊन मंदावला तरी टूलही त्याच प्रमाणात मंदावते आणि आटे बिघडत नाहीत. मॉडस्लेच्या बदलत्या गिअरांचे काम आता एका ओळीतला एक आकडा करतो. १८०० सालचे प्रमाण तेच राहिले, दात मात्र गेले.

२८/
अशा लेथपाशी उभा असलेला माणूस तिघांचे काम एकटा करतो. पार्सन्सच्या तीन माणसांसारखे आकडे तो स्वतःच ठरवतो, आज्ञा लिहितो आणि कट सुरू झाल्यावर कान लावून उभा राहतो. आवाज बदलला की चाल कमी करतो, मग आज्ञेत जाऊन तो आकडा दुरुस्त करतो. लिनच्या कामगारांना हाच अधिकार हवा होता. संगणकाला तो देण्यात काही अडचण नव्हती, हे टेबलावरचा छोटा लेथ रोज दाखवतो. आज्ञा कोणी लिहायची आणि दुरुस्त कोणी करायची, हे १९५२ मध्येही माणसांनीच ठरवले होते. आजही कारखान्यात नवा लेथ येतो, तेव्हा ते माणसेच ठरवतात.